एक पान, सोळा कर्सर

(दृश्य : वर्गाच्या खिडक्या लावलेल्या. भिंतीवरच्या पडद्यावर रिकामा तक्ता. त्यात एक रंगीत रेघ लुकलुकते, मग दुसरी, मग एकदम बऱ्याच.)

निवेदन :
सोळा रेघा. प्रत्येक रेघ म्हणजे एक कर्सर. वर्गात मुलं ३२, गट आठ, दर गटाला दोन लॅपटॉप. पान मात्र सगळ्यांना मिळून एकच, गुगल डॉक्समधलं.

तक्त्यात आठ ओळी आहेत, गटागणिक एक. रकाने चार, दोऱ्याच्या लांबीप्रमाणे : १००, ७५, ५० आणि २५ सेंटीमीटर. प्रत्येक चौकटीत एकच आकडा यायचाय. साध्या लोलकाची दहा दोलनं पुरी व्हायला किती सेकंद लागले, तो.

तक्ता बाईंनी तास सुरू व्हायच्या आधीच आखून ठेवलाय. आजच्या तासाचं निम्मं काम तिथेच झालं.

(दृश्य : टेबलावरचा लॅपटॉप, जवळून. ओळींना फिकट रंग दिले जातायत. हात, की-बोर्ड.)

निवेदन :
कोरं पान सगळ्या वर्गाला एकदम उघडून दिलं, की सगळे पहिल्याच ओळीवर तुटून पडतात. वरच्यानं एंटर दाबलं, की खालच्याची ओळ खाली सरकते. अर्धवट लिहिलेलं वाक्य डोळ्यांसमोरून निघून जातं. थोड्याच वेळात लिहिणं बाजूला राहतं आणि एकमेकांच्या कर्सरमागे धावण्याचा खेळ रंगतो.

म्हणून जागा आधी वाटून द्यायची. आकडे किंवा दोन-तीन वाक्यं हवी असतील तर तक्ता पुरतो. परिच्छेद लिहून घ्यायचे असतील तर प्रत्येक गटाला स्वतःचं शीर्षक आणि त्यानंतर पेज ब्रेक. शीर्षकाला ‘हेडिंग’ची शैली लावली, तर ते डावीकडच्या आउटलाइनमध्ये दिसतं आणि मुलं एका क्लिकवर आपल्या पानावर पोचतात. नुसतं ठळक करण्यावर विसंबू नये. आउटलाइनचा भरवसा हेडिंगवर.

मग दोन कामं, दोन्ही मिनिटाभराची. ‘फाइल’मधून व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे पानाच्या आधीच्या प्रतींच्या यादीत, जाऊन आत्ताच्या प्रतीला नाव द्यायचं. इथे दिलंय ‘कोरा साचा’. आणि शेअर करताना अधिकार ठरवायचा : व्ह्यूअर (नुसतं बघणारा), कॉमेंटर (शेरा देणारा) की एडिटर (लिहिणारा).

(दृश्य : शेअरची चौकट. ‘व्ह्यूअर’ निवडलं जातं.)

निवेदन :
बाईंनी व्ह्यूअर निवडलं. मुलांना तक्ता दिसेल, त्यात लिहिता येणार नाही. का, ते पुढे येईलच.

लिंक पाठवण्याआधीचा एक खड्डा इथेच दाखवायला हवा. ‘लिंक असलेला कोणीही’ असं ठेवून एडिटरचा अधिकार दिला आणि मुलं खात्यात शिरलेली नसली, की पडद्यावर नावांच्या जागी निनावी प्राणी येतात. गंमत वाटते खरी. पण शेवटची ओळ कुणी खोडली, याचं उत्तर मग कुठल्याशा निनावी प्राण्याच्या नावावर जमा होतं. दुसरा प्रकार याहून जास्त आढळतो : सगळ्या लॅपटॉपवर शाळेचं एकच सामाईक खातं. मग सोळा कर्सरांचं नाव एक, आणि इतिहासात सगळं लेखन एकाच माणसाचं. दर उपकरणावर वेगळं खातं उघडलंय ना, हे आदल्या दिवशी पाहायचं. तासाला पाहायला गेलं तर तास त्यातच जातो.

मुलांची खातीच नसतील तर ईथरपॅडसारखं मुक्त साधन आहे. तिथे खातं लागत नाही, नाव आणि रंग मुलं स्वतः भरतात. मात्र सार्वजनिक पॅडचा पत्ता ज्याला कळला, तो आत येऊ शकतो. म्हणून मुलांची खासगी माहिती तिथे लिहायची नाही.

(दृश्य : बाकांच्या कडेला टांगलेले दोरे. गोळा बाजूला घेऊन सोडला जातो. स्टॉपवॉचवरचा अंगठा. ओठांची हालचाल, मोजणी.)

निवेदन :
गटात चार जण. एक गोळा सोडतो, एक मोजतो, एक स्टॉपवॉच धरतो, एक लिहितो. लांबी बदलली की कामं बदलतात. आत्ता लिहायचं ते वहीत.

आता व्ह्यूअरचं कारण. तक्ता पहिल्यापासून सगळ्यांना लिहायला खुला ठेवला असता, तर पहिल्या गटाचा आकडा बघून बाकीच्यांचे आकडे हळूहळू त्याच्याकडे सरकले असते. त्यात लबाडीच असते असं नाही. ‘आपलंच चुकलं असेल’ असं म्हणून मुलं पुन्हा मोजतात, आणि जुळेपर्यंत मोजत राहतात. आधी वही, मग पडदा.

(दृश्य : ‘व्ह्यूअर’चं ‘एडिटर’. काही मुलं पान पुन्हा लोड करतात. मग तक्ता भरू लागतो. दृश्य लांब ठेवले आहे, निवेदन उशिरा.)

निवेदन :
२०.१. १९.९. २०.२.

सोळा ठिकाणांहून येणारी अक्षरं एकमेकांवर आदळत कशी नाहीत?

एकाच पडद्यावर दोघांनी काम करण्याचं प्रात्यक्षिक संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दाखवलं होतं; सहकारी होता दूर मेनलो पार्कमध्ये. पण दोघांनी एकाच क्षणी एकच ओळ बदलली तर काय, या प्रश्नाला नेटकी रीत मिळाली १९८९मध्ये, क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांच्या कामातून. तिला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात.

(दृश्य : रेखाचित्र. अक्षरांची पट्टी, खाली अंक.)

निवेदन :
समजा, ओळीत २० अक्षरं आहेत. एका मुलीनं पाचव्या जागी तीन अक्षरं घातली. त्याच क्षणी दुसऱ्या बाकावरच्या मुलानं बारावं अक्षर खोडलं. मुलीचा आदेश आधी पोचला आणि लागू झाला. आता जुनं बारावं अक्षर पंधराव्या जागी गेलंय. मुलाचा आदेश जसाच्या तसा पाळला तर भलतंच अक्षर जाईल. म्हणून आदेशच दुरुस्त करून घेतला जातो : बारावं राहू दे, पंधरावं खोड. दर अक्षराला हा हिशेब, आणि तो इतक्या झटपट की डोळ्याला जाणवत नाही.

२००५मध्ये रायटली नावाची ब्राउझरमध्ये चालणारी लेखनसेवा आली. २००६मध्ये गुगलनं ती घेतली आणि पुढे तिचं गुगल डॉक्स झालं. या डॉक्समध्ये एका वेळी १०० टॅब किंवा उपकरणांवरून लिहिता येतं, म्हणजे वर्गाला ऐसपैस जागा.

मर्यादाही याच हिशेबातून येते. यंत्र जुळवतं ती अक्षरं. दोघांनी एकच वाक्य आपापल्या परीनं सुधारलं, तर अक्षरं बिनचूक जुळतात आणि वाक्याचा चिवडा होतो. मराठीत तर आणखी एक अडचण. आपल्याला ‘क्षि’ हे एक अक्षर दिसतं. यंत्राच्या लेखी ती चार चिन्हं : क, हलन्त, ष आणि वेलांटी. दोन कर्सर एकाच शब्दात घुसले, की मात्रा भलतीकडे आणि अर्धं अक्षर लटकतं. म्हणून वर्गाचा नियम साधा : ज्या ओळीत दुसऱ्याचा कर्सर आहे, तिथे शिरायचं नाही. हवं तर एक ओळ सोडून खाली लिहायचं, मग बोलून एक करायचं.

(दृश्य : भरलेला तक्ता. कॅमेरा १००च्या रकान्यावरून खाली सरकतो. दोन आकड्यांवर थांबतो.)

निवेदन :
सहा गटांचे आकडे विसाच्या आसपास. पाचव्या गटाचा १०.१. तिसऱ्याचा १८.१.

पाचव्याची चूक वर्गानं लगेच पकडली. गोळा पलीकडे गेला की त्यांनी एक मोजलं. जाऊन परत येणं म्हणजे एक दोलन. वेळ बरोबर निम्मी आली.

तिसऱ्याचं कोडं अवघड. १८.१ हा आकडा एकटा वहीत असता तर ‘थोडा फरक’ म्हणून खपून गेला असता. इथे तो सात आकड्यांच्या शेजारी बसलाय, आणि ५०च्या रकान्यातही त्यांचा आकडा १२.८, बाकीच्यांचा १४.२.

(दृश्य : आकडा निवडला जातो. उजवीकडे कॉमेंटची चौकट उघडते. तिसऱ्या गटाचे चेहरे.)

निवेदन :
कॉमेंट सहाव्या गटाची : ‘दोन्हीकडे दहातले नऊच भाग येतायत. गोळा सोडताना तोंडानं काय म्हणालात?’

(दृश्य : निवेदन नाही. बाकाशी दोन मुली एकमेकींकडे बघतात. एक हसते. दुसरी पुन्हा गोळा उचलते.)

निवेदन :
‘एक’ म्हणाल्या होत्या. म्हणायचं होतं ‘शून्य’. दहा मोजून झाले तेव्हा दोलनं नऊच झाली होती.

बाईंनी आकडा सुधारला नाही, बदल नुसता सुचवणारा सजेशन मोडही वापरला नाही. त्या मोडमध्ये शिक्षकानं दुरुस्ती सुचवली, की मूल बरोबरची खूण दाबून मोकळं होतं. वाचलं की नाही, कळायला मार्ग नाही. शुद्धलेखनाला ते चालतं. जिथे विचार करायचाय तिथे कॉमेंट, आणि तीही प्रश्नाच्या रूपात. कॉमेंट ‘रिझॉल्व्ह’ करायची, म्हणजे सुटली म्हणून मिटवायची, ती जिनं विचारली तिनं. उत्तर देणाऱ्याकडे ते बटण सोपवलं, तर प्रश्न उत्तराविनाच पडद्याआड जातात.

(दृश्य : तक्ता. अचानक सगळं पान कोरं. वर्गात एकच गलका.)

निवेदन :
हे आम्ही ठरवून चित्रित केलेलं नाही. आपल्या चौकटीतला मजकूर निवडायला म्हणून कुणीतरी कंट्रोल-ए दाबलं, त्यानं सगळं पानच निवडलं गेलं, आणि पुढचं अक्षर टाइप केलं.

पहिला उपाय ज्याच्या हातून झालं त्याच्याच हातात असतो : लगेच कंट्रोल-झेड. ही कळ ज्याचा त्याचा बदलच मागे घेते. बाकी पंधरा जणांनी ती बडवली तर त्यांचं स्वतःचं काम उलटं फिरतं, पान काही परत येत नाही. म्हणून अशा वेळी सूचना एकच : हात वर.

(दृश्य : ३२ हात वर. व्हर्जन हिस्टरी उघडते. उजवीकडे वेळा आणि नावांची यादी.)

निवेदन :
कंट्रोल-झेडची वेळ टळली तर व्हर्जन हिस्टरी : कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एच. पुसलं जाण्याआधीची वेळ निवडली की पान जसंच्या तसं दिसतं. इथे ‘रिस्टोअर’ दाबण्याचा मोह आवरायचा असतो. रिस्टोअर सगळं पान मागे नेतं. पुसल्यानंतरच्या पाच मिनिटांत इतरांनी नव्यानं लिहिलेलंही चालू प्रतीतून जातं आणि पुन्हा हिस्टरीत शोधावं लागतं. एखाद्याच गटाची ओळ गेली असेल तर जुन्या प्रतीतून तेवढी कॉपी करून आताच्या पानात चिकटवावी. आज पानच गेलं आणि सगळे लगेच थांबले, म्हणून रिस्टोअर.

ही हिस्टरी एडिटरलाच दिसते. फाइलची ‘मेक अ कॉपी’ केली की ती सोबत येत नाही, नवी फाइल नव्यानं जन्मते. म्हणून मुलांकडून मूळ फाइल घ्यायची, तिची प्रत नको.

(दृश्य : हिस्टरीतली एक नोंद बाणानं उलगडते. रंगीत ओळी. खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं वाक्य.)

निवेदन :
सहाव्या गटाचा निष्कर्ष. आधी लिहिलं होतं : ‘लांबी वाढली की वेळ वाढते.’ मग : ‘लांबी दुप्पट की वेळ दुप्पट.’ ते खोडलं. ५० ते १०० लांबी दुप्पट झाली, पण वेळ १४.२वरून २०.१. मग शेवटचं : ‘लांबी चौपट केली की वेळ दुप्पट होते.’ २५ला १०.०, १००ला २०.१. वहीत शेवटचं वाक्य तेवढं उरलं असतं.

रंगांवरून गुण देऊ नयेत. एकानं सांगितलं आणि दुसऱ्यानं टाइप केलं, तर नाव टाइप करणाऱ्याचं लागतं. घरी उपकरण नसलेल्या मुलांचं काम वर्गातच पुरं व्हायला हवं, आणि नेट गेलं तर टॅब बंद न करता थांबायचं. ऑफलाइनची सोय आधीच चालू केलेली असेल तरच कामी येते.

(दृश्य : तास संपल्याची घंटा. शेअरची चौकट. ‘एडिटर’चं पुन्हा ‘व्ह्यूअर’. प्रतीला नाव : ‘तास संपला’.)

निवेदन :
अधिकार पुन्हा व्ह्यूअर, नाहीतर रात्री कुणीतरी आकडे ‘नीट’ करून ठेवतं.

तिसऱ्या गटानं नव्यानं मोजून २०.० लिहिलंय. १८.१ तसाच ठेवलाय, आडवी रेघ मारून.

(दृश्य : लॅपटॉप मिटतात. पडद्यावरचे कर्सर एकेक करून नाहीसे होतात. तक्ता उरतो.)