फुली दाबली, तरी होकार

[पडद्यावर: टीव्हीवरचा हवामानाचा नकाशा]

एप्रिल २०१६. अमेरिकेतल्या आयोवा राज्याची राजधानी, डे मॉइन. केसीसीआय वाहिनीवर हवामानाच्या बातम्या थेट सुरू आहेत. निवेदिका रडारचा नकाशा समजावून सांगतेय आणि त्याच नकाशावर एक चौकट येऊन बसते: विंडोज १० घ्या.

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला. विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना ते वर्षभर फुकट होतं. दोन-तीन वर्षांत शंभर कोटी उपकरणांवर ते चालेल, असं मायक्रोसॉफ्टनं आधीच जाहीर केलं होतं. पुढे जे घडलं त्याच्या मुळाशी हा आकडा गाठायची घाई होती, असं मला वाटतं.

सुरुवातीला घड्याळाशेजारी एक छोटं चिन्ह दिसायचं. मग चौकटी येऊ लागल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीनं हे अपग्रेड शिफारशीच्या यादीत टाकलं आणि ज्यांचं ऑटोमॅटिक अपडेट चालू होतं, त्यांच्या संगणकावर ते आपोआप उतरू लागलं. काही जीबीचं डाउनलोड! आपल्याकडे तेव्हा जिओ यायचं होतं. डोंगलवरचा एक-दोन जीबीचा पॅक महिनाभर पुरवणाऱ्या घरात याचा अर्थ काय होता, हे तेव्हा रिचार्ज मारणाऱ्यांना सांगायला नको.

[पडद्यावर: चौकट, कोपऱ्यात लाल फुली]

मे २०१६ मध्ये मात्र हद्द झाली. चौकटीत अपग्रेडची तारीख आणि वेळ आधीच ठरवलेली असायची. कोपऱ्यात फुली. फुली म्हणजे बंद कर, नको. ही सवय आपल्याला विंडोजनंच लावली, विंडोज ९५ पासून. आता फुली दाबली की चौकट जायची, पण ठरलेली वेळ कायम राहायची. माणूस नको म्हणाला आणि यंत्रानं ते हो म्हणून लिहून घेतलं. जूनच्या अखेरीस हे बदललं. डिसेंबरात कंपनीचे मार्केटिंग प्रमुख क्रिस कापोसेला यांनी, इथं आपण मर्यादा ओलांडली, हे एका मुलाखतीत मान्य केलं.

कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटोमध्ये प्रवास कंपनी चालवणाऱ्या एका बाईंचा कामाचा संगणक अशाच अपग्रेडच्या फसलेल्या प्रयत्नानंतर रखडू लागला, बंद पडू लागला. त्या छोट्या दाव्यांच्या न्यायालयात गेल्या आणि १०,००० डॉलर भरपाई मिळवली. मायक्रोसॉफ्टनं चूक मान्य केली नाही, पण अपील मागे घेतलं.

अपडेट नकोतच, असं मात्र मी म्हणणार नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधली एक गंभीर त्रुटी दुरुस्त करणारं अपडेट दिलं. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा फायली अडवून खंडणी मागणारा व्हायरस नेमका त्याच त्रुटीतून शिरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. दुरुस्ती दोन महिने आधी हाताशी होती, ती कितीतरी यंत्रांवर पोचलीच नव्हती. म्हणूनच २०१६ चा तो हट्ट मला अक्षम्य वाटतो. अपग्रेडच्या धास्तीनं लोकांनी अपडेटच बंद करून टाकली. सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी विंडोज एकाच दारानं पाठवली, तर माणूस दारच लावून घेणार.

ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटनं भरवसा आणखी ढासळला. काहींच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली पुसल्या गेल्या. चाचणी करणाऱ्यांनी ही तक्रार आधी नोंदवली होती, पण तिला इतर वापरकर्त्यांची मतं कमी पडली म्हणून ती कंपनीच्या नजरेतून सुटली. आणि हे अपडेट पहिल्यांदा मिळालं कुणाला? स्वतःहून 'चेक फॉर अपडेट्स' दाबणाऱ्यांना. उत्साहानं पुढे आलेल्यांनाच फटका बसला. काही दिवसांत ते थांबवावं लागलं आणि १३ नोव्हेंबरला पुन्हा आलं.

[पडद्यावर: सेटिंग्जमधलं अपडेटचं पान]

प्रो आवृत्ती घेणाऱ्याला अपडेट पुढे ढकलायची सोय पहिल्यापासून होती. घरगुती विंडोज १० वापरणाऱ्याला ती २०१९ च्या मे महिन्यात मिळाली: एका वेळी सात दिवस, जास्तीत जास्त ३५. ते संपले की साचलेली अपडेट आधी घ्यावी लागतात, मगच पुन्हा थांबवता येतं. परीक्षेच्या किंवा मोठ्या कामाच्या आठवड्याआधी अपडेट थांबवायचं हे बटण दाबा. आणि काम झालं की अपडेट नक्की घ्या.