शाल-श्रीफळ घेऊन साहेब निघून गेल्यावर आपण कुणाला पेपर वाचून दाखवतो?

तर मंडळी, विषय दिलाय की सामाजिक धोरणासाठीचं संशोधन परिषदेत मांडायचं कसं. आपल्याकडे काय होतं बघा, पंधरा मिनिटं मिळतात, त्यातली नऊ-दहा आधीच्यांनी काय काय म्हटलंय यातच जातात, मग मेथडॉलॉजी, मग एक भलामोठा टेबल ज्यातले आकडे पहिल्या रांगेतल्यालाही दिसत नाहीत, तेवढ्यात अध्यक्षांची चिठ्ठी येते की आटपा, आणि मग घाईघाईत शेवटचं वाक्य, "शासनाने याकडे लक्ष द्यावे". अहो पण कुठल्या खात्याने? आणि लक्ष द्यायचं म्हणजे सोमवारी ऑफिसात जाऊन नेमकं करायचं काय?

मी एकच उदाहरण घेतो, गडचिरोलीचं. तुम्ही ते ऐकलेलं असतं, पण बहुतेकदा अर्धंच. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेचा नवजात बाळांवरचा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. 39 गावांत गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून ट्रेनिंग दिलं, त्या बाळंतिणीच्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, ऊब आणि अंगावरचं दूध बघायच्या, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेन्टामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. तुलनेला दुसरी 47 गावं. महिन्याच्या आतल्या बाळांचे मृत्यू हजार जन्मांमागे 62 होते ते तिसऱ्या वर्षी 25 च्या आसपास आले, आणि तुलनेच्या गावांचा हिशोब धरून घट निघाली 62 टक्के. (दोन्हीकडे 62च, त्यामुळे स्लाइडवर लोक हमखास घोळ घालतात.)

आता यातलं काय सांगाल? "62 टक्के घट" म्हटलं की टाळ्या पडतात. पण जिथे मुळात हजारी 15च बाळं दगावतात तिथे सगळं अगदी तसंच जमलं तरी नऊ वाचतील, आणि जिथे 60 दगावतात तिथे 37. अधिकाऱ्याला त्याच्या जिल्ह्याचा आकडा हवा असतो, टक्का नको. आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, काम कोण करणार, खर्च किती? बंगांच्या पेपरात तो होता, एका बाळामागे 5.3 डॉलर. आपल्या किती पेपरांत असतो सांगा!

दुसरं, कच्चा दुवा आपणच आधी सांगून टाकायचा. गडचिरोलीत गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, म्हणजे रँडमाइज्ड ट्रायल नव्हती. हे आपण दडवलं की प्रश्नोत्तरात कुणीतरी काढतंच आणि मग चांगलं कामही संशयात जातं. उलट सांगायचं की पुढे बांगलादेशात सिल्हेटला रँडमाइज्ड ट्रायल झाली, 2008 मध्ये तिचा पेपर आला, घरी भेटी असलेल्या भागात घट आली 34 टक्के. कमी आहे, पण आहे, आणि माझ्या मते धोरणासाठी तो 34 जास्त कामाचा. त्याच 2008 मध्ये उत्तर प्रदेशातल्या शिवगढचा अभ्यास आला, तिथे 54 टक्के. मग 2009 ला डब्ल्यूएचओ आणि युनिसेफने घरभेटींची शिफारस केली, 2011 ला आपल्याकडे आशांमार्फत देशभर कार्यक्रम. म्हणजे पहिल्या पेपरानंतर बारा वर्षं, तेव्हा आपल्या एका पेपरने जीआर निघेल असल्या भ्रमात राहू नका.

आणि आता खरी गोम. सरकारने त्या पॅकेजमधल्या घरभेटी तेवढ्या उचलल्या, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा, घरी झालं असेल तर सात, सगळ्या भेटींचे मिळून आशाला 250 रुपये, पण आशाच्या हातात इंजेक्शन दिलं नाही. तरी परिषदांमध्ये आशा कार्यक्रमाच्या स्लाइडवर बिनधास्त 62 टक्के लिहिलेलं असतं! तो आकडा अख्ख्या पॅकेजचा होता बाबांनो, अर्धं पॅकेज घेऊन पूर्ण आकडा कसा काय वापरता? हां, कुणी म्हणेल शिवगढला तर इंजेक्शन नव्हतंच, नुसती ऊब, स्वच्छता, दूध, आईच्या अंगाशी बाळ, तरी फरक पडला. बरोबर आहे, पण तिथे मुळात मृत्यूच खूप जास्त होते. हा वाद मांडणाऱ्याला तोंडपाठ पाहिजे, कारण योजनेतून काहीतरी कापलं जाणारच, आणि काय कापलं तर आकडा टिकणार नाही हे संशोधकाने नाही सांगायचं तर कुणी?

बाकी व्यवस्थेचं म्हणाल तर अधिकाऱ्यांना उद्घाटनाला बोलावणं बंद करा, ते शाल-श्रीफळ घेऊन चहाआधी निघून जातात आणि आपण दुपारी एकमेकांनाच पेपर वाचून दाखवतो. झेडपीच्या सीईओंना नाहीतर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना सत्रात भाष्य करायला बसवा, आठ दिवस आधी दोन पानं मराठीत पाठवा, इंग्रजी पेपर मागाहून दिला तरी चालतो. आणि पंधरातली निदान पाच मिनिटं त्यांना द्या, त्यांना विचारू दे की माझ्या तालुक्यात हे कोण करेल.