इनिश मोरला गट घेऊन जाताना

मित्रहो, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे शहरात शिकणाऱ्या मुलांमध्ये सहलीचा विषय निघाला की ॲरन बेटांचं नाव येतंच, आणि तीन बेटांपैकी बहुतेकांचं बोट इनिश मोरवर थांबतं. हे बेट साधारण १४ किलोमीटर लांब आणि जेमतेम चार किलोमीटर रुंद आहे. नकाशात एवढंसं दिसतं म्हणून लगेच यादी तयार होते: डून एंगसचा किल्ला, पोल ना बेश्तचं कुंड, सात चर्च, सील, काळा किल्ला, शिवाय पुळणीवर तासभर. मग संध्याकाळी निम्मा गट धापा टाकत धक्क्यावर पोचतो आणि धड काहीच पाहून झालेलं नसतं. माझा आग्रह असा आहे की यादी बाजूला ठेवा. त्या दिवशीची ओहोटी किती वाजता आहे आणि वारा कुठून आहे, हे आधी पाहा. दिवस त्यावरून आखा.

आधी वेळेचा हिशेब करू. गॉलवेहून रॉसाव्हील बंदर बसने सुमारे तासाभरावर आहे, पुढे बोटीला ४० मिनिटं लागतात. सकाळची बोट पकडून संध्याकाळी परतायचं, तर बेटावर पाच-सहा तास मिळतात, त्याहून जास्त नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघायच्या आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. आतल्या खुर्च्यांत न बसता मागच्या उघड्या भागात बसावं आणि नजर क्षितिजावर ठेवावी.

बोट बेटावर लागते ती किलरोननला. तिथल्या धक्क्यालगत सायकली भाड्याने मिळतात. सीटची उंची तिथेच लावून घ्या: टाच पॅडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. दोन्ही ब्रेक दाबून पाहा, कारण पावसात भिजलेल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो आणि वरच्या रस्त्याला उतार आहेत. पश्चिमेला डून एंगसच्या पायथ्याच्या किलमर्व्हीपर्यंत सातेक किलोमीटर अंतर. वरचा मुख्य रस्ता चढाचा आहे, खालचा किनाऱ्याचा बराचसा सपाट. वारा बहुतेकदा नैर्ऋत्येचा असतो, म्हणजे जाताना तोंडावर आणि परतताना पाठीशी. तेव्हा खालच्या रस्त्याने जावं हे उत्तम. वारा पूर्वेचा असेल तर मात्र सावध राहा. जाताना भुर्रकन पोचाल, पण परतीला दीडपट वेळ धरून ठेवा. तीस जणांचा गट असेल तर आठ-आठच्या तुकड्या करा. रस्ता अरुंद आहे, मिनिबस आणि घोडागाड्या त्याच रस्त्यावरून जातात. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. ज्यांना सायकल जमत नाही त्यांना मिनिबसमध्ये बसवा, ओढत नेऊ नका.

आता दगडाकडे येऊ, कारण हे बेट म्हणजे मुळात एक दगड आहे. आपण महाराष्ट्रातले लोक काळ्या बसाल्टवर वाढलेले. इथला दगड करडा चुनखडीचा, तीस कोटी वर्षांहून जुन्या उथळ, उबदार समुद्रात साचलेला. हिमयुगात बर्फाने त्यावरची माती खरवडून नेली, आणि पावसाच्या पाण्याने मूळच्या सरळ चिरा विरघळवून रुंद केल्या. म्हणून जमीन फरशी घातल्यासारखी दिसते. पाणी या चिरांतून खाली निघून जातं, त्यामुळे पृष्ठभागावर ओढे जवळजवळ नाहीतच. एखाद्या चिरेशी गुडघे टेकून आत पाहा. वर वाऱ्यात एक झाड टिकत नाही, आणि वीतभर खाली, सावलीत आणि ओलीत, सह्याद्रीच्या ओल्या कड्यांवर दिसणारा हंसराज वाढलेला सापडेल. या चिरा जितक्या सुंदर तितक्याच घातक. पाय अडकून घोटा मुरगळणं इथे सहज घडतं. घोट्यापर्यंतचे बूट हवेत, आणि चालताना फोटो काढायचा नाही, थांबून काढायचा.

शेतंही या दगडावर माणसांनी केलेली आहेत. चिरा बुजवून त्यावर वाळू आणि समुद्रशेवाळ यांचे थर टाकले, त्याची माती झाली, तिच्यात बटाटे पिकले. निघालेले दगड बांधांत गेले. हे बांध चुन्याशिवाय रचलेले आहेत. मधल्या फटींतून वारा निघून जातो, म्हणून ते उभे राहतात. त्यावर चढू नका. एक दगड सुटला की शेजारचे चार घसरतात, आणि शेतकऱ्याची गुरं बाहेर पडतात.

डून एंगसला किमान दीड तास द्या. माहिती केंद्रापासून वीसेक मिनिटांचा चढ आहे, शेवटचा टप्पा खडबडीत. मध्यभागाचं आवार सुमारे ५० मीटर रुंद आहे आणि समुद्राकडे भिंतच नाही, सरळ ८७ मीटरचा कडा. इथली वस्ती इ. स. पू. ११०० च्या सुमारास सुरू झाली. उत्खननात कांस्याच्या वस्तू ओतायचे मातीचे साचे मिळाले आहेत. आज दिसणाऱ्या तटांची डागडुजी मात्र १८८० च्या दशकात झाली, टेकू देणाऱ्या भिंती तेव्हाच्या. तटाबाहेर अणकुचीदार दगड दाटीने उभे रोवले आहेत, शत्रूची धाव मोडण्यासाठी. आपल्या किल्ल्यांच्या दारांवरचे खिळे हत्तीला अडवत, हे दगड माणसाच्या पायांना. माझ्या मते बेटावरचं सगळ्यात बुद्धिमान बांधकाम हेच आहे, आणि बहुतेक जण कड्याच्या ओढीने त्याच्याकडे न बघताच पुढे जातात.

कड्याला कठडा नाही. शिवाय खालचे थर लाटांनी आधी झिजतात आणि वरचा थर पुढे आलेला राहतो. काठावर उभ्या माणसाच्या पायाखाली कधी कधी फक्त हातभर दगड असतो. पाहायचंच तर पोटावर झोपून पाहा. वारा जोरात असेल तर तेही नको.

पोल ना बेश्त म्हणजे खडकातलं आयताकृती कुंड. ते कोणी कोरलेलं नाही. चुनखडीतल्या चिरा एकमेकींना काटकोनात छेदतात, खालून समुद्राने पोखरलं, आणि छताचा तुकडा त्या रेषांवर कोसळला. गॉर्ट ना गप्पल वस्तीपासून खडकांवरून पायी जायचं. इथे २०१२, २०१४ आणि २०१७ मध्ये कड्यावरून सूर मारण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या. त्यांची चित्रं पाहून मुलांना पाण्यात उतरावंसं वाटतं. त्या स्पर्धेत पाण्यात बचावपथक सज्ज होतं, तुमच्याकडे नसेल. भरतीला लाटा थेट कातळावर येतात. ओहोटी असली तरी लांबून आलेली लाट शांत दिवशीही अचानक उसळते. पाण्याजवळचा कातळ ओला दिसला, तर थोड्या वेळापूर्वी तिथे लाट आली होती असंच समजा. अशा वेळी वरच्या कड्यावरूनच पाहावं.

सीलही खालच्या रस्त्यालगत ओहोटीलाच खडकांवर पहुडलेले दिसतात. म्हणजे दोन्ही ठिकाणांना ओहोटी हवी, आणि ती दिवसा बहुधा एकदाच सापडते. ओहोटी दुपारी असेल तर किल्ला आधी, कुंड नंतर आणि परतताना खालच्या रस्त्याने सील. ती सकाळी असेल तर जातानाच सील पाहा आणि कुंड वरूनच बघण्याची तयारी ठेवा. सात चर्च आणखी पश्चिमेला आहेत. खरं तर तिथे चर्च दोनच, बाकीच्या राहण्याच्या इमारती. सायकलवर एका दिवसात किल्ला, कुंड आणि सात चर्च या तिन्हींचा हट्ट धरू नका.

संकटात ११२ फिरवा आणि समुद्राजवळ असाल तर तटरक्षक दल मागा. परतीच्या बोटीआधी पाऊण तास सायकली परत द्या, कारण तेव्हा सगळे एकदमच येतात आणि रांग लागते. सायकल देताना डोकी मोजा, बोटीत चढताना पुन्हा मोजा. शेवटची बोट सुटली तर उन्हाळ्यात आयत्या वेळी तीस जणांना खोल्या मिळणं कठीण, तेव्हा शेवटून दुसऱ्या बोटीची तिकिटं काढा.