कापसाच्या मुलखातले वृत्तपत्र: जवाहरलाल दर्डा आणि यवतमाळ

यवतमाळ जिल्ह्यातील बाभूळगाव हे कापूस, तूर आणि पावसाच्या भरवशावर जगणारे गाव. २ जुलै १९२३ रोजी जवाहरलाल दर्डा यांचा जन्म याच गावी झाला. महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या वृत्तपत्रसमूहांपैकी एक त्यांनी पुढे उभा केला. यवतमाळकरांसाठी मात्र ते अखेरपर्यंत बाबूजीच राहिले.

त्यांच्या वृत्तपत्राचे नाव त्यांच्याहून जुने आहे. वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ च्या सुमारास यवतमाळातून ‘लोकमत’ सुरू केले होते, आणि ते नाव लोकमान्य टिळकांनी दिले असे यवतमाळात आजही अभिमानाने सांगतात. ते पत्र पुढे बंद पडले. चलेजाव आंदोलनात तुरुंगवास भोगलेल्या दर्डांनी स्वातंत्र्यानंतर त्याच नावाचे साप्ताहिक यवतमाळातूनच पुन्हा चालवले. स्वतःचे नवे नाव त्यांना सहज घेता आले असते. अण्यांचा वारसा पुढे नेण्याचा हा निर्णय आम्हांला त्यांच्या साऱ्या वैभवाहून मोलाचा वाटतो.

१५ डिसेंबर १९७१ रोजी नागपुरात दैनिक ‘लोकमत’ सुरू झाले, तेव्हा बांगलादेशाचे युद्ध निकराला आले होते आणि दुसऱ्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. पण हे दैनिक वाढले ते केवळ अशा मोठ्या बातम्यांवर नाही. तालुक्याच्या गावी नेमलेला वार्ताहर, बाजार समितीतला कापसाचा भाव, नाल्याला आलेला पूर, रखडलेला रस्ता यांना त्यात जागा मिळाली, आणि ज्याच्या गावाचे नाव छापून आले तो शेतकरी त्या पत्राचा कायमचा वाचक झाला. १९८२ मध्ये औरंगाबादची आवृत्ती निघाली. नंतर हिंदी आणि इंग्रजी दैनिकांचीही भर पडली.

दर्डा काँग्रेसचे नेते होते आणि त्यांनी राज्य मंत्रिमंडळात अनेक खाती सांभाळली. सत्ता आणि वृत्तपत्र एकाच घरात असताना बातमीचा निःपक्षपातीपणा कसा राखला जातो, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून वगळता येणार नाही. तो विचारण्याचा पहिला हक्कही त्या शेतकरी वाचकाचाच आहे.

२५ नोव्हेंबर १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. यवतमाळचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि विमानतळ आज त्यांच्या नावाने ओळखले जातात. वृत्तपत्राचे लोकमत भवन नागपुरात आहे. बाबूजींची समाधी असलेले प्रेरणास्थळ मात्र यवतमाळात आहे, आणि दर नोव्हेंबरात, शेतात कापसाची वेचणी चालू असताना, लोक तेथे जमतात.