कमानीखालची सावली

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. भुयारी मार्गाचा जिना.)

मुंबईत सीएसएमटी स्टेशनच्या भुयारी मार्गातून वर आलं, की डी. एन. रोड सुरू होतो. डोक्यावर ऊन, कानात हॉर्न, मागून गर्दीचा रेटा. चार पावलं टाकून इमारतींच्या कमानीखाली शिरा. आवाज तोच, गर्दीही तीच. पण आकसलेले डोळे उघडतात, खांदे सैलावतात.

ही सावली आपसूक पडलेली नाही. १८६०च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात फोर्टचा, म्हणजे जुन्या किल्ल्याचा, तट पाडला गेला. पुढे इथली जुनी वाट रुंद होऊन हॉर्नबी रोड झाला. आजचा दादाभाई नौरोजी मार्ग तो हाच. १८९६मध्ये नियम आला : रस्त्यालगतच्या इमारतींनी तळमजल्यावर चालणाऱ्यांसाठी कमानींची वाट ठेवायची. म्हणून माना वर करून पाहिलं तर प्रत्येक इमारतीचा थाट वेगळा, आणि खाली सगळ्यांची मिळून एक पडवी.

(दृश्य: खांबाला टेकवलेला फळा. त्यावर घड्याळाचे पट्टे, चष्मे, पाकिटं.)

विक्रेत्यांमुळे इथे वाट अडते, कबूल. पण कंटाळा येत नाही. दर खांबाआड काहीतरी नवं असतं. आता मेट्रोच्या कामाचे पत्रे आठवा. ताशी ५ किलोमीटर वेगानं चालणाऱ्याला १०० मीटर पत्रा ओलांडायला ७२ सेकंद लागतात. गाडीतल्याला तो जाणवतही नाही. चालणाऱ्याला मात्र संपता संपत नाही.

मानसशास्त्रज्ञ कॉलिन एलार्ड यांनी २०११ साली न्यूयॉर्कमध्ये हेच तपासलं. फिरणाऱ्यांच्या मनगटावर त्वचेतले बदल टिपणाऱ्या पट्ट्या बांधल्या. एका मोठ्या दुकानाच्या लांबलचक कोऱ्या दर्शनी भागापाशी लोक मरगळले. जवळच्याच, खाण्यापिण्याच्या दुकानांनी गजबजलेल्या रस्त्यावर त्यांना पुन्हा तरतरी आली.

(दृश्य: स्कायवॉकचा, म्हणजे उंच पादचारी पुलाचा, जिना. कठड्याला धरून चढणाऱ्या एक आजी.)

मुंबईनं चालणाऱ्यांसाठी काहीच केलं नाही, असं नाही. २००८ साली वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला, मग एमएमआरडीएनं (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं) ठिकठिकाणी बांधले. स्टेशनच्या गर्दीतून सुटका होते, हे खरं. पण वर ना दुकान, ना ओटा, ना कुणाची हाक. रात्री उशिरा एकट्या बाईला तिथे पावलं उचलावीशी वाटतात, रेंगाळावंसं नाही. आणि त्या आजी पाहा. तिसऱ्या पायरीवर थांबल्या, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, वर किती उरलंय ते पाहिलं. चालणाऱ्यानं चढायचं नाहीतर उतरायचं, गाडीनं मात्र सरळ जायचं. हा हिशेब कुणी मांडला असेल?

(दृश्य: पुन्हा डी. एन. रोड. जून. पाऊस.)

सर आली. रस्त्यावरची माणसं धावत कमानीखाली येतात, छत्र्या मिटतात, झटकतात. ऑफिसचा डबा हातात धरलेले दोघं-तिघं खांबाला टेकून उभे राहतात. कुणी त्यांना "पुढे चला" म्हणत नाही.