दोन गिटारी लागतील, काका

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रात्री अकरानंतर गिटार हातात घेतली की वरच्या मजल्यावरून काठी आपटली जायची. म्हणून चाली बांधायला मी संगणकाकडे वळलो. कानाला हेडफोन, माउसनं सूर टाकायचे, कुणाची झोपमोड नाही. (हसणाऱ्यांच्याही डोक्यावर कोणीतरी राहत असणार.)

तीन महिने खपून एक रचना झाली. प्लेबॅक झकास! छापून काढली आणि गिटार वाजवणाऱ्या एका पोरापुढे ठेवली. बाराव्या मापाशी, म्हणजे तालाच्या बाराव्या खणापाशी, तो थांबला, बोटं इकडेतिकडे करून पाहिली आणि म्हणाला, “काका, याला दोन गिटारी लागतील.”

मी सगळ्यात खालचा ई आणि त्याला चिकटलेला एफ, हे दोन सूर एकदम वाजवायला लिहिले होते. तो ई म्हणजे मोकळी सहावी तार. तो एफ त्याच तारेच्या पहिल्या फ्रेटवर (दांडीवरच्या पहिल्या पट्टीपाशी), दुसरीकडे कुठेच नाही. एकच तार मोकळीही आणि दाबलेलीही कशी वाजणार? संगणकाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. १९८३ मध्ये मिडी, म्हणजे वाद्यं आणि संगणकांची आपसात निरोप देण्याची भाषा, आली ती कीबोर्डच्या अंगानं. कोणता सूर, ० ते १२७ मध्ये किती जोरात, कधी सोडला, एवढंच ती सांगते. सूर कोणत्या तारेवरचा, हे त्या निरोपात नसतं.

आणि गिटारीत तर सगळी गंमत त्या पत्त्यातच! पहिली तार मोकळी छेडा. आता हाच ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, मग तिसरीच्या नवव्यावर घ्या. सूर तोच, पण पहिला लख्ख, तिसरा गोल, जरा घोगरा. टॅबमध्ये, म्हणजे तार आणि फ्रेटचे आकडे लिहिण्याच्या पद्धतीत, जागा तरी कळते. नुसत्या स्वरलिपीत तीही नाही. बडोद्याला ही अडचण नवी नाही म्हणा. १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयानं इथं गायनशाळा निघाली, गवई मौलाबक्षांनी स्वरलिपी बसवली. सूर कागदावर आले. मींड कितीशी आली असेल?

गिटारवाल्यांनी मात्र लगेच टाळ्या पिटू नयेत. नुसती गिटार घेऊन बसलो की माझा हात जी, सी, डी, ई मायनर या सोप्या कॉर्डच्याच गल्लीत फिरतो. चाल हातच बांधतो, डोकं मागून येतं. पडद्यावर मी बेधडक ई फ्लॅटच्या पट्टीत शिरलो. तिथं हातानं मला कधीच नेलं नसतं, एका बोटानं सगळ्या तारा दाबायच्या बार कॉर्डनं मनगट भरून येतं.

बारावं माप त्या पोरानंच सोडवलं. एफ तिथंच ठेवला, ई वरच्या सप्तकात, चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर नेला. माझी ती गुरगुर गेली आणि जागा मोकळी, जराशी कडवट झाली. घरी येऊन फाइलमध्येही तसंच केलं. थांबा, गिटार जुळवतो, दोन्ही ऐकवतो.