जराराकाच्या विषातून आलेली गोळी

नळाच्या गार पाण्याखाली हात धरला की बोटं पांढरीफटक पडतात, मग निळी, आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. हे रेनॉड्स. स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी ताठ करत नेणारा आजार, पुष्कळदा असाच सुरू होतो.

तो मुळापासून काढणारं औषध अजून नाही. ज्या अवयवाला त्रास, त्याची गोळी. बोटांसाठी निफेडिपिन, त्याने भागलं नाही तर सिल्डेनाफिल. हो, व्हायग्रा या नावाने भलत्याच कारणाने गाजलेली तीच. छातीतल्या जळजळीला ओमेप्राझोल. फुफ्फुसांसाठी मायकोफेनोलेट, कधी निंटेडॅनिब.

खरी थरारक गोष्ट मात्र किडनीची आहे.

आजाराच्या पहिल्या काही वर्षांत, कातडी झपाट्याने ताठरत असताना, काही रुग्णांचं बीपी एकाएकी भडकतं. किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, रक्त कमी पोचतं, म्हणून किडनी रेनिन नावाचा पदार्थ सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन वाढतं आणि वाहिन्या आणखी आवळतात. १९७० च्या दशकापर्यंत यातून फार थोडे वाचत.

मग औषध सापडलं ते एका सापामुळे. जराराका, ब्राझीलचा साप. त्याच्या दंशाने रक्तदाब कोसळतो. सर्जिओ फेरेरा यांनी १९६० च्या दशकात या विषातला महत्त्वाचा घटक शोधला. त्या धाग्यावरून अमेरिकेत स्क्विब कंपनीच्या डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेट्टी यांनी कॅप्टोप्रिल घडवलं. अँजिओटेन्सिन तयार होण्याची वाटच ते अडवतं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या जातीची औषधं मिळालेले ७६ टक्के रुग्ण वर्षानंतर हयात होते. न मिळालेल्यांपैकी १५ टक्के.

पण गोळी वेळेत पडायला हवी. म्हणून डॉक्टर घरी बीपीचं मशीन ठेवायला सांगतात. आधीपासून घेऊन ठेवली तर संकट टळतं, असं मात्र दिसलेलं नाही.

आणि स्टेरॉइड? सांधे दुखतात म्हणून जुन्या चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन आणणारे आपल्याकडे कमी नाहीत. या आजारात दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या वरचा डोस हेच किडनीचं संकट ओढवू शकतो. आधीपासून चालू असेल, तर मनाने एकदम बंद करणंही तितकंच धोक्याचं. डॉक्टरांना विचारूनच.

डायलिसिस लागलं तरी ही औषधं सहसा चालूच ठेवतात. काहींची किडनी वर्ष-दीड वर्षानेही पुन्हा काम करू लागते, म्हणून प्रत्यारोपणाची घाई डॉक्टर करत नाहीत.